आधी गाणं बंद पडतं!

"ताई, आज तरी बेडकाचं लग्न होणार ना गं?" चिमणीने पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं घालत विचारलं.

"होणार, होणार! आज शेवटपर्यंत ऐकून मगच उतरायचं!" ठिणगीने तिला वचन देऊन टाकलं.

चिमणी म्हणजे ठिणगीची धाकटी बहीण. दोघी सुट्टीत मावशीकडे आल्या होत्या. मावशीच्या जुन्या निळ्या गाडीत एक गाण्यांचा प्लेयर होता आणि त्यात एक पेनड्राइव्ह असा काही अडकून बसला होता, की निघता निघत नव्हता. त्यात पहिलंच गाणं होतं लग्नाला निघालेल्या बेडकाचं. गाणं मारुतीच्या शेपटासारखं लांबलचक! पुढे त्या बेडकाचं लग्न झालं की नाही, हे चिमणीला अजून कळलेलं नव्हतं, कारण गाणं कधी शेवटपर्यंत पोचतच नव्हतं.

मावशीने चौकात गाडी डावीकडे वळवली. खळ्ळ! बेडूक गाता गाता गप्प झाला. पाठोपाठ इंजीनही गप्प झालं आणि गाडी चार पावलं घरंगळून भर चौकात उभी राहिली.

"गेलं! पुन्हा गाणं गेलं!" चिमणी किंचाळली.

"गाण्याचं काय घेऊन बसलीस? गाडी गेलीय!" मागून वकील म्हणाला. वकील म्हणजे मावशीचा मुलगा. शाळेत सातवीतच होता, पण उलटतपासणी घेतल्याशिवाय कुणाला जेवायलाही बसू देत नसे, म्हणून हे नाव.

आणि मग सुरू झाले हॉर्न! पीं पीं पीं! एका मोठ्या गाडीतून एक गृहस्थ अर्धे बाहेर आले आणि ओरडले, "चालवता येत नाही तर बसता कशाला, बाई?"

झालं! ठिणगीने खाडकन काच खाली केली. तिचं खरं नाव घरात कुणाच्या लक्षात नव्हतं, ते उगाच नाही. "अहो, गाडी बंद पडलीय! तुमची कधी पडत नाही का? आणि हॉर्न वाजवून ती चालू होते का? मग वाजवा अजून!"

"ठिणगे, गप्प बस," मावशी हळूच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. तिने किल्ली फिरवली आणि गाडी लगेच, अगदी शहाण्यासारखी चालू झाली. बेडूक पुन्हा पहिल्या कडव्यापासून लग्नाला निघाला. प्लेयरचा करंट तुटला की त्याची हीच तऱ्हा होती. मावशीने चिडून प्लेयर बंद केला.

तशीच ती गाडी थेट गॅरेजमध्ये गेली. गॅरेजच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणत. ते तेलकट फडक्याला हात पुसत आले आणि म्हणाले, "पुन्हा? आणा किल्ली."

मावशीने आपला किल्ल्यांचा जुडगा काढला. मावशी जनावरांची डॉक्टर होती. त्या जुडग्यात दवाखान्याच्या, पिंजऱ्यांच्या, फ्रिजच्या, फाटकाच्या अशा ढीगभर किल्ल्या होत्या आणि वर एक पितळेची जाडजूड घंटा. तिच्या पहिल्या पेशंटची, म्हणजे एका बकरीची! त्यातली औषधांच्या कपाटाची किल्ली मावशी जिवात जीव असेपर्यंत कुणाच्या हाती देणार नव्हती, कारण त्या कपाटात भुलीची इंजेक्शनं असत. म्हणून तिने नेहमीप्रमाणे गाडीची किल्ली तेवढी सोडवून उस्तादांना दिली.

उस्ताद गाडी घेऊन भुर्रकन गेले आणि शीळ घालत परत आले.

"डॉक्टरबाई, गाडी लोण्यासारखी चालतेय! चौकात वळलो, गतिरोधकावरून उडवली, काही नाही! कॉइल नवी घातली, प्लग नवे, कंडेन्सर नवा. ठिणगी बघा कशी टकाटक पडतेय! आता बदलायचं राहिलंय ते एकच."

"काय?" मावशीने खरोखर काळजीने विचारलं.

"ड्रायव्हर!" उस्ताद म्हणाले आणि खो खो हसले. गॅरेजमधली सगळी माणसं त्यांच्याबरोबर हसली.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उस्तादकाका, आम्ही गाडीत होतो! मावशीने काहीही चुकीचं केलं नव्हतं!"

"बाळ, मी तुझ्या वयाचा असल्यापासून गाड्या उघडतोय. क्लच नीट दाबला नाही की गाडी बंद पडते. यात गाडीचा काय दोष?"

"पण आधी गाणं बंद पडतं!" चिमणी मध्येच म्हणाली.

"गाणं?" उस्तादांना पुन्हा हसू फुटलं. "मग गवयाकडे न्या की! इथे कशाला आणलीत?"

आता तुम्हीच सांगा, एका लहान मुलीने एवढी मोलाची गोष्ट सांगितली आणि ती हसण्यावारी नेली, याला काय म्हणायचं?

घरी तर कडेलोट झाला. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, सगळं ऐकलं आणि मान हलवली. "मी चालवतो तेव्हा कशी पडत नाही बंद? उस्तादांच्या हातात कशी पडत नाही? तुझ्याच हातात बरी पडते!" मग त्यांनी मावशी गाडी कशी चालवते याची नक्कल केली. नाक काचेला, डोळे मोठे, स्टिअरिंगला मिठी! एरवी काकांच्या नकलांना मुलं पोट धरून हसत. आज कुणीही हसलं नाही.

"ते काही नाही," काका म्हणाले. "मी उस्तादांना फोन केलाय. ते उद्या सकाळी येऊन गाडी घेऊन जाणार आहेत. सुटे भाग तरी कामाला येतील म्हणाले."

"म्हणजे मोडणार?" वकील ओरडला.

"आणि मग मावशी पेशंटकडे कशी जाणार?" ठिणगीने विचारलं.

उत्तर मावशीनेच दिलं. "माझ्या साहेबांचा फोन आला होता. परवा त्या अडलेल्या गाईकडे पोचायला मला उशीर झाला ना, वासरू थोडक्यात वाचलं. साहेब म्हणाले, यापुढे तुम्ही ऑफिसात बसून कागद तपासा. फिरतीवर दुसऱ्या कुणाला तरी पाठवू." तिने जुडगा टेबलावर ठेवला. "असेल बाई माझंच काहीतरी चुकत."

ठिणगीला ते शेवटचं वाक्य सहन झालं नाही. ही मावशी खांद्यापर्यंत हात घालून गाईच्या पोटातलं आडवं वासरू सरळ करायची. पिसाळल्यासारख्या लाथा झाडणाऱ्या घोड्याजवळ जाऊन त्याच्या कानात बोलायची. आणि आता तिला एका डाव्या वळणाची भीती वाटायला लागली होती, तीसुद्धा चार जण हसले म्हणून!

मुलं अंगणात गाडीशेजारच्या पायरीवर जाऊन बसली.

"कोर्ट सुरू," वकील म्हणाला. "गाडी उस्तादांच्या हातात बंद पडत नाही. बाबांच्या हातात पडत नाही. फक्त आईच्या हातात पडते. पुरावा आईच्या विरुद्ध आहे."

"तू मुलगा आहेस की शत्रू?" ठिणगी भडकली.

"मी वकील आहे! विरुद्ध बाजूचं आधी ऐकावं लागतं. आता तू बोल."

"मी काय बोलू? मला नुसता राग येतोय!" ठिणगीने पायरीवर मूठ आपटली. "इतक्या वस्तू बदलल्या, त्या म्हणे ठिणगीसाठी. ही कॉइल असते तरी काय?"

"बॅटरीच्या साध्या करंटचा खूप जोरदार करंट करणारा डबा. तो प्लगमध्ये गेला की ठिणगी उडते आणि पेट्रोल पेटतं. ठिणगी नाही तर इंजीन नाही."

"आणि गाणं?" चिमणीने विचारलं.

"गाण्याचा आणि ठिणगीचा काय संबंध? गाणं बॅटरीवर चालतं..." वकील बोलता बोलता थांबला.

ठिणगी ताडकन उभी राहिली. "पुन्हा बोल! काय म्हणालास?"

"गाणं बॅटरीवर चालतं. ठिणगी पडो, न पडो."

"मग इंजीन बंद पडताना गाणं का बंद पडतं? तेसुद्धा आधी! चिमणे, नक्की आधी?"

"मी कधीपासून ओरडतेय!" चिमणीचा ओठ थरथरायला लागला. "आधी गाणं, मग गाडी! कुणी ऐकतच नाही माझं!"

"चुकलं, बाईसाहेब, चुकलं!" ठिणगीने तिला उचललं आणि घरात धावली. "मावशी! एकदा बाहेर ये ना! आणि जुडगा घेऊन ये!"

मावशी नको नको म्हणत आली. ठिणगीने तिला गाडी चालू करायला आणि प्लेयर लावायला लावलं. बेडूक लग्नाला निघाला.

"आता उस्ताद म्हणतात तसं कर, मावशी. मुद्दाम चूक कर! गियर टाक आणि क्लच एकदम सोड."

मावशीने क्लच सोडला. गाडीने जोरात गचका दिला आणि बंद पडली. समोर दोन लाल दिवे लागले. आणि बेडूक? बेडूक आपला मजेत गातच राहिला!

मग वकिलाने दोन्ही हात वर केले. "आरोपी निर्दोष! क्लच चुकला की गचका बसतो, लाल दिवे लागतात आणि गाणं चालूच राहतं. चौकात कधी गचका बसला? कधीच नाही! दिवे लागले?"

"नाही," मावशी सावकाश म्हणाली. "चौकात दिवे लागतच नाहीत. सगळं एकदम मेल्यासारखं होतं. मला हे कधी सुचलंच नाही रे!" तिने डोळे पुसले आणि मग एकदम चिडून स्टिअरिंगवर थाप मारली. "आणि मी मेली स्वतःलाच दोष देत बसले!"

"म्हणजे करंट कॉइलपर्यंत पोचायच्या आधीच तुटतो," ठिणगी बोटं मोजत म्हणाली. "गाणं, दिवे आणि ठिणगी, तिघांनाही करंट कुठून मिळतो?"

"किल्लीच्या स्विचमधून. किल्ली फिरवली की तिघांना मिळतो," वकील म्हणाला. "पण स्विच तर बाबांना आणि उस्तादांनाही तोच आहे! मग तो फक्त आईवरच डूख धरून बसलाय का?"

इथे मात्र गाडं अडलं. तेवढ्यात काका बाहेर आले. गाडी फाटकाजवळ आणून ठेवायची होती. त्यांनी दाराजवळच्या खिळ्याला लाल रिबिनीने टांगलेली दुसरी किल्ली काढली आणि बोटाभोवती गरगर फिरवत ते पायऱ्या उतरले.

ठिणगी त्या रिबिनीकडे बघतच राहिली. "काका, तुम्ही नेहमी हीच किल्ली वापरता?"

"मग काय तिची ती बैलगाडी वापरू? खिशात ठेवली तर पॅंट खाली येईल!"

काकांनी गाडी हलवली, ती अर्थातच बंद पडली नाही, आणि ते आत गेले. ठिणगीने मावशीच्या हातातला जुडगा घेतला. बाप रे! हात खालीच गेला!

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तू उस्तादांना जुडगा कधी दिलास?"

"कधीच नाही. औषधांची किल्ली असते ना त्यात. मी गाडीची किल्ली सोडवून..." मावशीचं वाक्य अर्धवटच राहिलं. जुडगा परत घेऊन ती गाडीत बसली आणि तिने तीच किल्ली जुडग्यासकट स्विचमध्ये घालून फिरवली. बेडूक गायला लागला. ठिणगीने जुडगा डावीकडून उजवीकडे जोरात झुलवला. खळ्ळ! बेडूक गप्प! तिने जुडगा तळहातावर उचलून धरला. बेडूक पुन्हा पहिल्या कडव्यापासून!

"सापडला! सापडला!" वकील नाचायला लागला. "चला, बाबांना सांगू!"

"थांब," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांत मुलांनी कधी न पाहिलेली चमक होती. "आत्ता सांगितलं तर काय म्हणतील? 'बरं, बरं!' आणि उस्ताद म्हणतील, लहान मुलांचे खेळ. मला भर चौकात हसलेत सगळे. त्यांनाही चौकच दाखवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद हजर! काका खिळ्याकडे गेले, तर किल्ली गायब.

"अरे, रिबिनीची किल्ली कुठे गेली?"

"अगदी सुखरूप आहे, काका!" ठिणगी म्हणाली. चिमणीने फ्रॉकची कॉलर घट्ट धरली, कारण रिबीन तिच्या गळ्यात होती.

"माझी घ्या ना," मावशी गोड आवाजात म्हणाली. "पण औषधांची किल्ली आहे, तेव्हा जुडगा नजरेआड होऊ देणार नाही. आम्ही सगळेच येतो. शेवटची फेरी!"

"उस्तादकाका, एक प्रश्न," वकिलाने घसा खाकरला. "गाडी तुमच्या हातात बंद पडणारच नाही, बरोबर?"

"शक्यच नाही!"

"आणि पडली तर?"

"तर मी स्वतः कान पकडेन, डॉक्टरबाईंच्या समोर!"

"बाबा, तुम्ही साक्षीदार!"

उस्ताद स्टिअरिंगवर, काका शेजारी, मागे मावशी आणि कोंबून बसलेली पलटण. चिमणीने बेडूक लावायला सांगितला. पहिलं वळण आलं. काहीच नाही! गाडी मजेत चालली होती. पुढचा गतिरोधक गेला, तरीही काही नाही. उस्ताद आरशातून मिश्कील हसले. "बघितलंत?" ठिणगीने वकिलाला कोपर मारलं. आज नेमकी नाही पडली तर?

चौक आला. डावं वळण. उस्तादांनी आपल्या नेहमीच्या ऐटीत गाडी झपकन वळवली. खळ्ळ!

"गाणं गेलं!" चिमणी ओरडली आणि गाडी भर चौकात उभी राहिली.

पीं पीं पीं! मागून एक बाई ओरडल्या, "अहो, चालवता येत नाही तर बसता कशाला?"

ठिणगी मागे वळून ओरडली, "शाबास, काकू! अजून जोरात!"

उस्तादांनी घाईघाईने किल्ली फिरवून गाडी कडेला घेतली. त्यांचा चेहरा रंग उडालेल्या भिंतीसारखा झाला होता. "मी क्लच दाबला होता," ते पुटपुटले. "नीट दाबला होता!"

"मावशीनेही दाबला होता!" आता ठिणगीला कोण थांबवणार? "रोज नीट दाबत होती! तुम्ही एकदा तरी तिच्याबरोबर बसून बघितलंत? नुसती फेरी मारलीत, तीसुद्धा सुटी किल्ली लावून! आता इकडे बघा!"

तिने पुढे वाकून जुडगा झुलवला. चालू इंजीन फट्‌कन बंद, गाणंही बंद! काकांनी डोळे विस्फारले. मावशीने गाडी पुन्हा चालू करायला सांगितली, ठिणगीने जुडगा तळहातावर उचलून धरला आणि म्हणाली, "आता हवी तेवढी वळणं घ्या!" उस्तादांनी गल्लीतल्या गल्लीत डावी, उजवी, पुन्हा डावी अशी वळणं घेतली. बेडूक एकदाही अडखळला नाही.

गॅरेजमध्ये उस्तादांनी स्विच खोलला. आतल्या पितळी पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. एवढ्या वर्षांचं ओझं किल्लीला लोंबकळलेलं, मग पट्ट्या बिचाऱ्या किती तग धरणार? वळणावर जुडगा झुलला की पट्टी सुटायची आणि करंट तुटायचा. उस्तादांनी नवा स्विच बसवला आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "पोरांनो, कमाल केलीत! मी कॉइल बदलत बसलो आणि तुम्ही नेमका दोष पकडलात. डोकी आहेत का काय आहेत!"

"दोष गाडीत होता?" वकिलाने विचारलं.

"होता."

"ड्रायव्हरमध्ये?"

"नव्हता."

"मोठ्याने! काल मोठ्याने म्हणाला होतात!" ठिणगी म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असं!"

हातातली कामं थांबवून गॅरेजमधली सगळी माणसं बघायला लागली. उस्तादांनी खरोखर दोन्ही कान पकडले. "डॉक्टरबाई, चूक माझी होती. गाडी तुम्ही उत्तम चालवता."

काका कधीचे बुटांकडे बघत उभे होते. "माझंही चुकलं गं," ते मावशीला म्हणाले. "तुझं ऐकायचं सोडून मी नकला करत बसलो." मग त्यांनी ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि शाबास तुमची! काय बक्षीस हवं बोला!"

"बक्षीस नको. मावशीच्या साहेबांना फोन करा आणि जे आत्ता बोललात ते सगळं सांगा. नकलेसकट!"

काकांनी फोन लावला. आधी साहेबांचा आवाज चढलेला ऐकू येत होता, मग हळूहळू उतरला. शेवटी त्यांनी मावशीलाच फोन द्यायला सांगितला. "एक घोडी सकाळपासून अडलीय, डॉक्टर. दुसरं कुणी जायला तयार नाही. तुम्ही जाल का?"

"निघालेच!" मावशी म्हणाली.

चिमणीने गळ्यातली रिबीन काढून तिच्या हातात दिली. जुडगा घंटेसकट मावशीच्या पर्समध्ये गेला आणि रिबिनीची किल्ली स्विचमध्ये. काका न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसले. मुलांच्या गर्दीत त्यांचे गुडघे कानाशी आले होते, पण ते चकार शब्द बोलले नाहीत.

चौक आला. मावशीने डावीकडे वळण घेतलं. बेडूक गातच राहिला. गतिरोधक गेला, खडबडीत रस्ता गेला आणि एकदाचं शेवटचं कडवं सुरू झालं. चिमणीने सगळ्यांना हाताने गप्प केलं. गाण्यातल्या बेडकाची गाडी लग्नाच्या वाटेवर चिखलात रुतली होती आणि बेडूक नुसता डरांव डरांव करत बसला होता. शेवटी वाट बघून कंटाळलेली बेडकीणच आली, तिने गाडी बाहेर काढली, नवरदेवाला मागे बसवलं आणि स्वतः हाकत मांडवात नेली.

गाणं संपलं. चिमणी रागाने लालबुंद झाली होती.

"बघा! तिला येत होती चालवायला! मग हे आधी का नाही सांगितलं?"

मावशी इतकी हसली, की तिला गाडीचा वेग थोडा कमी करावा लागला. मग तिने गियर बदलला आणि गाडी घोडीच्या तबेल्याकडे वळवली.